लहान पुडक्यांची जकात



जकात हा विषय ऐकावयास रुक्ष. वसंतातील संध्याकाळी माणसे घराबाहेर पडतात ती काव्यासाठी, इतिहासासाठी, फार तर राजकारणासाठी. आयातकराच्या दरांसाठी कोणी पडत नाही. तरीही हाच विषय आम्ही निवडला, याचे कारण एका फराळाच्या डब्यात आहे.

२०२५ सालच्या २५ ऑगस्टपासून भारतीय टपाल खात्याने अमेरिकेस जाणारी बहुतेक पार्सले घेण्याचे थांबविले. पत्रे आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू तेवढ्या चालू राहतील, असे प्रथम सांगण्यात आले. परंतु आठवडा उलटण्यापूर्वीच, ३१ ऑगस्टला, त्याही बंद झाल्या. ही सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, म्हणजे वसुबारस दोन दिवसांवर आली असताना. परदेशी पाठवावयाचा फराळ दिवाळीपूर्वी तीन-चार आठवडे टपालात पडावा लागतो, हे या सभागृहातील किती तरी माउलींना ठाऊक असेल. ज्यांना खाजगी कुरियरचा खर्च परवडला त्यांनी तो केला. ज्यांना परवडला नाही त्यांच्या चकल्या घरीच राहिल्या.

आता यातील चमत्कारिक गोष्ट अशी की, त्या फराळावर अमेरिकेने जकात बसविलीच नव्हती. शंभर डॉलरपर्यंतची खरीखुरी भेट पूर्वीही माफ होती आणि नव्या हुकुमातही माफच होती. कर नव्हता, पण डबा अडला. हे कसे घडले, याचा उलगडा करावयाचा तर सुमारे नव्वद वर्षे मागे जावे लागते.

रोमन कायद्याच्या परंपरेतून आलेले एक लॅटिन वचन वकील मंडळींच्या परिचयाचे आहे : ‘डी मिनिमिस नॉन क्युरात लेक्स’. क्षुल्लक गोष्टींची कायदा दखल घेत नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे गावोगावी जकातनाके होते तेव्हाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन एखादी म्हातारी नाक्यावर आली, तर तिची पाटी उतरवून, जुड्या मोजून, पावती फाडून दोन पैसे घेण्यापेक्षा शहाणा कारकून तिला जाऊ देई. त्यात दया असे, तसा हिशेबही असे. पावतीच्या कागदाला आणि कारकुनाच्या वेळेला दोन पैशांहून अधिक खर्च येतो, हे त्याला कळत असे.

नेमका हाच हिशेब अमेरिकेच्या काँग्रेसने १९३८ साली कायद्यात लिहिला. १९३० च्या जकात कायद्यात तिने ३२१ वे कलम नव्याने घातले. सरकारला होणारा खर्च आणि त्रास मिळणाऱ्या उत्पन्नाच्या मानाने भलताच अधिक असेल, तर जकात घेऊ नये, असा त्याचा आशय. मर्यादा काय होती? परदेशातून आलेल्या भेटीला पाच डॉलर आणि इतर मालाला अवघा एक डॉलर. भेट आणि सौदा यांत कायद्याने पहिल्याच दिवशी भेद केला होता आणि भेटीला पाचपट सवलत दिली होती, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे आम्हाला तिच्याकडे परत यावयाचे आहे.

पुढील चाळीस वर्षे हा एक डॉलर जागचा हलला नाही. १९७८ साली जकातीचे व्यवहार सुटसुटीत करण्यासाठी जो कायदा झाला त्याने एकाचे पाच केले. महागाई पाहता ही वाढ नावापुरतीच होती. खरी उडी पडली ती १९९३ साली. कॅनडा आणि मेक्सिको यांच्याशी झालेला ‘नाफ्टा’ करार अमलात आणण्याचा कायदा त्या डिसेंबरात मंजूर झाला आणि त्याच्याच पोटात जकात खात्याच्या आधुनिकीकरणाची कलमे होती. त्यांनी पाचाचे दोनशे केले. विमानाने रातोरात पार्सले पोचविणाऱ्या कंपन्यांचा धंदा तेव्हा भरभराटीस आला होता, आणि प्रत्येक पुडक्यासाठी कागदपत्रे भरणे हे त्यांना आणि जकात खात्याला सारखेच जाचक होते. त्यानंतर २०१६ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ज्या व्यापारविषयक कायद्यावर सही केली, त्याने दोनशेचे आठशे झाले. एका माणसाच्या नावे एका दिवशी आलेला आठशे डॉलरपर्यंतचा माल त्या मार्चपासून जकातीवाचून आणि फारशा कागदांवाचून आत येऊ लागला.

येथे क्षणभर थांबून आकडा पाहू. १९३८ च्या एका डॉलरची किंमत महागाईच्या मानाने २०१६ साली सुमारे सतरा डॉलर होत होती. मर्यादा मात्र आठशेवर गेली. सतरा डॉलरची वस्तू क्षुल्लक म्हणता येईल. आठशे डॉलरची म्हणता येईल काय? आठशे डॉलरमध्ये एका कुटुंबाचे वर्षाचे कपडे येतात. कायद्यातील शब्द तेच राहिले. त्यांच्या आड उभी असलेली वस्तू पार बदलून गेली. नाक्यावरच्या म्हातारीसाठी ठेवलेल्या दिंडी दरवाजातून आता गाडी जाऊ शकत होती.

दरवाजा रुंद झाला म्हणून गाड्या येतातच असे नाही. त्यांना रस्ताही लागतो. तो रस्ता तीन गोष्टींनी मिळून बांधला. पहिली गोष्ट टपालाची. १८७४ साली बर्न येथे राष्ट्राराष्ट्रांचा टपालसंघ स्थापन झाला. दुसऱ्या देशाचे टपाल आपल्या देशात वाटण्याबद्दल मोबदला द्यावा, अशी पद्धत १९६९ च्या टोकियो येथील अधिवेशनात सुरू झाली, आणि पुढे विकसनशील देशांसाठी हे दर कमी ठेवण्यात आले. गरीब देशांना मदत व्हावी हा हेतू चांगलाच होता. परंतु चीन जगाचा कारखाना झाल्यावरही त्याला या सवलतीचा लाभ मिळत राहिला, आणि शेन्झेनहून अमेरिकेस पाठविलेले लहान पुडके पुष्कळदा अमेरिकेतल्या अमेरिकेत पाठविलेल्या पुडक्यापेक्षा स्वस्त पडू लागले. हे दर अमेरिकेला स्वतः ठरविता यावेत अशी तडजोड २०१९ साली जिनिव्हाच्या विशेष अधिवेशनात झाली. तीही अमेरिकेने संघ सोडण्याची धमकी दिल्यानंतर.

दुसरी गोष्ट इंटरनेटवरील दुकानांची. पूर्वी परदेशी सदरा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढण्यापूर्वी आयातदार, घाऊक व्यापारी, किरकोळ दुकानदार अशा तीन हातांतून जाई. आयातदार हजारो सदरे एका जहाजात आणी आणि त्यांवर एकदाच जकात भरी. आता कारखान्यातून एकेक सदरा वेगळ्या पिशवीत घालून थेट गिऱ्हाइकाच्या नावे निघू लागला. जहाजातल्या दहा हजार सदऱ्यांवर जकात होती. दहा हजार पिशव्यांतल्या त्याच सदऱ्यांवर ती नव्हती. एका मागणीचे मुद्दाम तुकडे करून माफी मिळविण्यास कायद्यात बंदी आहे. पण येथे कोणी तुकडे केलेच नव्हते. दहा हजार गिऱ्हाइकांच्या दहा हजार वेगळ्या मागण्या होत्या आणि प्रत्येक कायदेशीर होती.

तिसरी गोष्ट खुद्द अमेरिकी सरकारच्या हातची. २०१८ पासून तिने चिनी मालावर जादा जकाती बसविल्या. काही मालावर त्या २५ टक्क्यांपर्यंत गेल्या. घाऊक मार्ग महाग झाला, पुडक्याचा मार्ग फुकटच राहिला. व्यापारी पाण्यासारखा असतो. उतार मिळेल तिकडे तो वळतो. कित्येकांनी माल जहाजाने कॅनडात किंवा मेक्सिकोत आणून तेथील वखारींत ठेवला आणि मागणी येईल तसतशी एकेक पुडके सीमेपलीकडे धाडण्याची सोय केली.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१५ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेत अशी सुमारे १४ कोटी पुडकी आली. २०२३ मध्ये ती १०० कोटींवर गेली आणि २०२४ मध्ये सुमारे १३६ कोटी झाली. दररोज सुमारे ४० लाख पुडकी! शीइन आणि टेमू या दोन विक्रेत्यांचाच त्यांत ३० टक्क्यांहून अधिक वाटा असावा, असा अंदाज प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने २०२३ साली वर्तविला. थेंबे थेंबे तळे साचे, असे आपण मुलांना काटकसर शिकविताना सांगतो. थेंबाची मोजदाद करू नये हे ठीक; पण तळे साचल्यावरही ते थेंबच आहेत असे म्हणत बसावे काय, हा प्रश्न आता उभा राहिला.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत, आणि दोन्ही ऐकून घेतल्या पाहिजेत. एका बाजूस अमेरिकेतील गिरणीवाले आणि दुकानदार होते. आम्ही कच्च्या मालावर जकात भरतो, दुकानाचे भाडे आणि नोकरांचे पगार देतो. समुद्रापलीकडचा विक्रेता मात्र काहीच न देता आमच्या गिऱ्हाइकाच्या दारी उभा राहतो, ही त्यांची तक्रार. तिला उत्तर देणे सोपे नव्हते. त्यांच्या जोडीला सुरक्षिततेची चिंता होती. रोजच्या ४० लाख पुडक्यांत फेन्टानिलसारखे घातक अमली द्रव्य किंवा ते बनविण्याची सामग्री आली तर शोधावी कशी? शिनजियांग प्रांतात सक्तीच्या मजुरीने बनलेल्या मालावर २०२१ च्या कायद्याने बंदी घातली होती. पण पुडक्यावर पुरते वर्णनच नसेल तर तो माल ओळखावा कोणी?

दुसऱ्या बाजूस गिऱ्हाईक होते, आणि ते सारे श्रीमंत नव्हते. पाब्लो फाइगेलबाउम आणि अमित खंडेलवाल या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली या पुडक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत अशी पुडकी, विशेषतः चीनमधली, अधिक प्रमाणात जातात असे त्यांना आढळले. ही माफी काढून घेतल्यास लोकांचे वर्षाला सुमारे १०.९ ते १३ अब्ज डॉलरचे नुकसान होईल आणि त्याचा भार गरिबांवर अधिक पडेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे गिरणी कामगाराची तक्रार खरी, आणि त्याच्याच पोरीसाठी आलेला स्वस्त झगाही खरा. इतिहासात अन्याय आणि न्याय यांची गाठ पडते तेव्हा निर्णय सोपा असतो. येथे दोन न्याय्य गरजांची गाठ पडली होती.

हा पेच अमेरिकेपुरताच होता असे नाही. ब्रिटनमध्ये परदेशातून आलेल्या लहान पुडक्याला मूल्यवर्धित करातून सूट होती. जर्सी आणि गर्न्सी ही चॅनेलमधील बेटे त्या कराच्या कक्षेबाहेर. तेव्हा गाण्यांच्या आणि चित्रपटांच्या तबकड्या ब्रिटनमधून बेटांवर न्यावयाच्या आणि तेथून टपालाने पुन्हा ब्रिटनमधील गिऱ्हाइकालाच पाठवावयाच्या, असा धंदा जोरात चालला. ब्रिटनने ही सूट आधी १८ पौंडांवरून १५ वर आणली आणि १ एप्रिल २०१२ पासून या बेटांपुरती बंदच केली. ऑस्ट्रेलियात हजार डॉलरपर्यंतच्या मालाला विक्रीकराची जी सूट होती ती १ जुलै २०१८ ला गेली. पण कर पुडके अडवून घेतला नाही, मोठ्या विक्रेत्यांनीच तो विक्रीच्या वेळी घेऊन भरावा असे ठरले. युरोपीय संघाने २२ युरोंपर्यंतची करमाफी १ जुलै २०२१ ला काढली. २०२४ साली तेथे ४६० कोटी लहान पुडकी आली, त्यांतील ९१ टक्के चीनमधून. तेव्हा डिसेंबर २०२५ मध्ये संघाच्या अर्थमंत्र्यांनी १५० युरोंपर्यंतच्या पुडक्यांतील मालावर दर नगामागे ३ युरो जकात १ जुलै २०२६ पासून घेण्याचे ठरविले.

आणि आपला देश? आपल्याकडे पाच हजार रुपयांपर्यंतची परदेशी भेट जकातीवाचून येत असे. काही चिनी विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाने पैसे मोजून घेतलेला माल ‘भेट’ म्हणून पाठविण्यास सुरुवात केली. लुगडे विकत घ्यावयाचे आणि आहेर आला म्हणून सांगावयाचे, त्यातलाच हा प्रकार! १२ डिसेंबर २०१९ रोजी सरकारने टपालाने किंवा कुरियरने भेट म्हणून येणाऱ्या मालावर बंदी घातली. अपवाद ठेवले ते दोनच : जीव वाचविणारी औषधे आणि राखी. राखीबरोबरच्या भेटवस्तू नव्हेत, केवळ राखी, असा खुलासाही त्यात होता. आणि राखीवर जकात का नाही? तर १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात असे कलम आहे की, जकातीची रक्कम शंभर रुपये किंवा त्याहून कमी होत असेल तर ती घेऊच नये. जकातीच्या रुक्ष अधिसूचनेत राखीचे नाव वाचून आम्हाला प्रथम हसू आले. नंतर वाटले, हसण्यासारखे त्यात काही नाही. लबाडी रोखण्यासाठी दार लावताना बहिणीच्या धाग्यापुरती फट ठेवावी, एवढे कोणाला तरी सुचले होते.

आता २०२५ कडे वळू. १ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चिनी मालाची आठशे डॉलरची माफी रद्द केल्याचा हुकूम काढला. ४ तारखेला तो अमलात आला. त्याच दिवशी अमेरिकी टपाल खात्याने चीन आणि हाँगकाँग येथील पार्सले घेण्याचे थांबविले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू केले. त्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्षांनी माफी तात्पुरती परत दिली. का? तर एवढ्या पुडक्यांवर जकात आकारून ती वसूल करण्याची यंत्रणाच तयार नव्हती. १९३८ साली काँग्रेसने जे म्हटले होते तेच हे! वसुलीचा त्रास वसुलीहून मोठा आहे की काय, हा जुना प्रश्न कोणी सोडविला नव्हता. सत्त्याऐंशी वर्षे तो माफीच्या चादरीखाली झाकून ठेवला होता एवढेच.

पुढे २ मे रोजी चीन आणि हाँगकाँग यांची माफी खरोखरच संपली. टपालाने येणाऱ्या मालावर १२० टक्के दर लागला आणि बारा दिवसांनी तो ५४ वर आला. जुलैत काँग्रेसने जो मोठा कायदा केला त्यात ही माफी १ जुलै २०२७ पासून कायद्यातूनच काढून टाकण्याची तरतूद झाली. पण तेवढीही वाट न पाहता ३० जुलैच्या हुकुमाने २९ ऑगस्टपासून साऱ्या जगाची माफी स्थगित करण्यात आली. अवघ्या एका महिन्याची मुदत!

मग मोजणार कोण आणि वसूल करणार कोण? हुकुमाचे उत्तर असे की, माल वाहून आणणाऱ्याने किंवा अमेरिकेने मान्यता दिलेल्या मध्यस्थाने जकात गोळा करून भरावी. म्हणजे नाक्यावरच्या कारकुनाचे काम नाक्यावरून उचलून जगभरच्या टपाल कचेऱ्यांच्या खिडक्यांवर नेऊन ठेवले गेले. हे मध्यस्थ कोण, पैसे कोणत्या रीतीने भरावयाचे, हे वेळेवर स्पष्ट झाले नाही. विमान कंपन्यांनी टपालाच्या थैल्या घेण्यास असमर्थता दाखविली. जगातील ८८ टपाल संस्थांनी अमेरिकेची सेवा अंशतः किंवा पूर्णतः थांबविल्याचे टपालसंघाने कळविले. २९ ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारे टपाल आदल्या आठवड्याच्या मानाने ८० टक्क्यांहून अधिक घटले होते.

प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. फराळाच्या डब्याला कायद्याने माफी दिली होती, पण डबा स्वतंत्र विमानाने जात नाही. तो त्याच थैलीतून जातो जिच्यात विक्रीचा माल असतो. थैली थांबली की माफी असलेला आणि नसलेला दोघेही थांबतात. १५ ऑक्टोबरला आपली सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा भारतातून जाणाऱ्या विक्रीच्या मालावर जाहीर किमतीच्या ५० टक्के जकात होती आणि ती येथल्याच खिडकीवर आगाऊ घेण्याची व्यवस्था झाली. १५० डॉलरच्या कोल्हापुरी चपलांचा जोड एखाद्या कारागिराने टपालाने विकला तर ७५ डॉलर जकात! त्याने चिनी कारखान्याशी कधी स्पर्धा केली नव्हती आणि कोणा अमेरिकी गिरणीचे गिऱ्हाईकही तोडले नव्हते. तो त्याच रस्त्याने चालला होता, एवढाच त्याचा अपराध.

या इतिहासावरून आम्हाला काय वाटते, ते थोडक्यात सांगतो. दररोज ४० लाख पुडकी येऊ लागल्यावर माफी जशीच्या तशी राहू शकत नव्हती, हे आम्ही मान्य करतो. क्षुल्लकपणा केवळ किमतीवर ठरत नाही, संख्येवरही ठरतो. आणि कायद्याने डोळेझाक करावी ती अपवादाकडे, सर्रास चाललेल्या व्यापाराकडे नव्हे. परंतु चूक एका रात्रीत झाली नव्हती. पाचाचे दोनशे आणि दोनशेचे आठशे करताना ज्यांनी सोय पाहिली, त्यांनी पुडकी मोजण्याची व्यवस्था त्याच वेळी उभारावयास हवी होती. ती उभारली नाही, आणि दार एका महिन्याच्या मुदतीने लावले गेले. ऑस्ट्रेलियाने मोठ्या विक्रेत्याला धरले आणि टपाल चालू ठेवले, हे उदाहरण समोर होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १९३८ च्या कायद्याला भेट आणि सौदा यांतला फरक कळत होता. तो फरक कागदावर अजूनही आहे. पण केवळ कागदावर माफी असून भागत नाही. तिला वाटही मोकळी ठेवावी लागते. कर बसविणाऱ्याने दर ठरविण्यापूर्वी विचारावे की, हा कर ज्याच्यावर नाही त्याची गैरसोय किती होईल? हा प्रश्न अर्थसंकल्पात कुठल्याही रकान्यात बसत नाही. त्याची जमा नाही, खर्चही नाही. पण २०२५ च्या दिवाळीत या गावातल्या, आणि जगातल्या कित्येक गावांतल्या, घरांत त्याचा हिशेब मांडला गेला आहे.